स्लॅब भावाला द्या, माजघर तुम्ही ठेवा

पत्र थोडक्यात: सिंधुदुर्गातल्या एका गावात आमचं शंभरेक वर्षांचं घर आहे. जांभ्याचं जोतं, मातीच्या भिंती, सागाचे आणि फणसाचे खांब, वर मंगलोरी कौलं. वडील गेल्यापासून ७६ वर्षांची आई तिथं एकटी राहते. मी ठाण्यात असते, भाऊ कुडाळला. न्हाणीघर आणि संडास मागच्या परसात आहेत. रात्री आईला चार पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि यंदा तिचा पाय घसरला. भाऊ म्हणतो, घर पाडून स्लॅबचं बांधू. एक कंत्राटदार जुन्या लाकडाच्या बदल्यात फुकट पाडून द्यायला तयार आहे. मला ते ऐकवतसुद्धा नाही. निवृत्तीनंतर मला तिथंच राहायचंय, म्हणून मी एक यादी केली: प्रत्येक खोलीला जोडून बाथरूम, सगळीकडे टाइल्स, भिंतींना सिमेंटचा गिलावा, फॉल्स सीलिंग, एसी, माजघर मोकळं करून मोठा हॉल, माळ्यावर मुलांसाठी दोन खोल्या. यादी बघून भाऊ म्हणाला, "एवढं करायचं तर नवंच बांध." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. मी भावनेच्या आहारी जातेय का?

उत्तर:

भावनेचं नंतर बघू. आधी तुमच्या यादीबद्दल बोलते, कारण मला जास्त काळजी तिची वाटते.

तुमचा भाऊ हे घर आठवड्याभरात पाडेल. तुमची यादी जशीच्या तशी अमलात आणली, तर तेच घर आठ-दहा पावसाळ्यांत आपणहून खचायला लागेल, आणि तोवर नव्या घराइतकाच पैसा त्यात गेलेला असेल. "तो पाडणारा आणि मी राखणारी" अशी वाटणी तुम्ही मनाशी करून टाकली आहे. ती तितकीशी खरी नाही. राग मानू नका.

लाकूड वयानं मरत नाही, ओलीनं मरतं. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर त्याला कुजवणारी बुरशी धरत नाही, मग ते शंभर वर्षं उभं असो की दोनशे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात तुमचे खांब आजवर टिकले ते नुसते सागाचे होते म्हणून नव्हे. घर बांधणाऱ्यानं पाण्याचा हिशेब चोख ठेवला होता. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून छप्पर बाहेर काढलं. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून जोतं उंच घेतलं आणि खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभे केले. मातीची भिंत ओल शोषते आणि वारा लागला की सोडून देते. कौलांच्या फटींतून हवा खेळते. चुलीचा धूर वाशांमधून वर जायचा, तेवढ्यानं छपराचं लाकूड कोरडं राहायचं आणि कीडही लांब राहायची. चूल गेली ते बरंच झालं, आईची फुप्फुसं वाशांपेक्षा मोलाची. पण धूर जे काम फुकटात करत होता, ते आता आपल्याला करावं लागणार.

आणि हे सगळं ज्या एका कारणानं चाललं, ते तुम्हाला रोज खुपतंय: पाण्याची सगळी कामं घराबाहेर होती. न्हाणी परसात, भांडी मागच्या दारी, संडास त्याहून लांब. वाडवडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पना काहीही असोत, लाकडाच्या दृष्टीनं ती मांडणी अगदी बरोबर होती. तुमच्या यादीतली निम्मी कामं बाहेरचं पाणी आत आणतात, आणि उरलेली निम्मी आतली ओल बाहेर जाऊ देत नाहीत.

उदाहरणार्थ सिमेंटचा गिलावा. मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीला तो लावणं म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालणं. पहिली दोन वर्षं भिंत देखणी दिसते. मग गिलाव्यामागे ओल साठते, खालून पोपडे सुटतात, आणि त्या भिंतीत बसलेल्या खांबाचा पाय कुणाच्या नजरेला न पडता आतल्या आत कुजतो. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदीच ठेवा. टाइल्सचंही तेच. शेणानं सारवलेल्या जमिनीतून थोडीथोडी ओल वर येऊन उडून जाते. सगळीकडे चकचकीत टाइल्स बसल्या की ती ओल वाट शोधत भिंतींकडे सरकते. सारवण आईच्यानं आता होत नसेल, ते समजू शकते. शहाबादी फरशी वाळूच्या थरावर बसवून सांधे चुन्यानं भरले तर झाडायला-पुसायला सोपं होतं आणि ओलीची वाटही अडत नाही. फॉल्स सीलिंगनं वासे नजरेआड होतात. जे दिसत नाही त्याची निगा कुणी राखत नाही, आणि वाळवीला तर अंधारच हवा असतो.

माळ्यावरच्या खोल्यांचा विचार आत्ताच सोडा. माळ्यानं भाताची पोती पेलली असतील, पण वर संडास-बाथरूम आलं की नळाचा एक गळका सांधा खालची तुळई, म्हणजे भार पेलणारं आडवं लाकूड, खातो. पाण्याची टाकीही जुन्या छपरावर नको. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन.

माजघर मोकळं करण्याआधी एक गोष्ट स्वतः बघा. तुळईचं टोक कशावर टेकलंय? तळखड्यावर उभ्या खांबावर असेल तर मधली भिंत नुसती आडोशाची आहे, तिच्यात खिडकी किंवा मोठं दार काढता येतं. टोक थेट भिंतीत घुसलेलं असेल तर ती भिंतच छप्पर पेलतेय, तिला हात लावायचा नाही. एकाच घरात दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून खोलीगणिक बघावं लागतं. माजघर अंधारं आहे ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर कोकणात जुना आणि स्वस्त उपाय आहे: काचेची कौलं. चार-सहा कौलं बदला, भिंती चुन्यानं पांढऱ्या करा, आणि मग ठरवा हॉल खरंच हवाय का. माझा अंदाज, नाही लागणार.

आता भावाकडे येऊ. त्याची बाजू तुम्ही पत्रात एका ओळीत संपवलीत. तो कुडाळला आहे, म्हणजे माकडांनी कौलं फोडली की फोन त्यालाच जात असणार. उन्हाळ्यात शाकारणीला माणसं शोधणं, मिळाली तर त्यांच्यामागे उभं राहणं, पहिल्या पावसात पुन्हा गळलं की बालदी लावायला धावणं, हे सगळं त्याच्याच वाट्याला येत असेल. तुम्ही गेल्या दहा वर्षांत ऐन आषाढात तिथं किती दिवस राहिलात? गणपतीतले दिवस धरू नका. तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं आणि गळणारी खोली आपल्या वाट्याला येत नाही. घराचा कंटाळा येणं आणि घर नकोसं होणं यांत फरक आहे. मला त्याच्या म्हणण्यात कंटाळा दिसतो. तो कमी करता आला तर स्लॅबचा हट्टही बराच निवळेल.

स्लॅबबद्दल "एकदा घातला की निश्चिंत" ही त्याची समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. कोकणात रस्त्यानं जाताना स्लॅबवर पुन्हा पत्र्याचं छप्पर घातलेली किती घरं दिसतात ते मोजत जा. ती काही हौसेनं घातलेली नसतात. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत सळीला गंज चढतो, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे ढलपे पाडते. चांगलं काम केलं तर स्लॅबही टिकतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण निगा त्यालाही लागते.

आणि तो फुकट पाडून देणारा कंत्राटदार. जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव असतो. तो तुमच्यावर उपकार करत नाहीये, तुमच्या खांब-तुळयांची किंमत न सांगता त्या उचलून न्यायचं म्हणतोय. पुढंमागं पाडायचंच ठरलं, तरी आधी प्रत्येक नगाची मोजणी करून दोन ठिकाणी भाव काढा. घर पाडा असं सांगणाऱ्याचा पाडण्यात फायदा असेल, तर त्याचं मत तेवढ्यापुरतंच धरायचं.

मग करायचं काय? ओलं वेगळं करा, कोरडं वेगळं ठेवा. जुन्या घरात झोपणं, बसणं, देवघर, गणपती, पुस्तकं, पाहुणे. मागच्या बाजूला एक नवा छोटा भाग बांधा आणि बाथरूम, संडास, स्वयंपाकघर, धुण्याची जागा, टाकी, वॉशिंग मशीन सगळं तिथं न्या. शक्य झालं तर तिथंच एक झोपायची खोली काढा, एसी हवा असेल तर त्या खोलीला लावा. कौलारू खोलीत एसी लावला तर थंड हवा कौलांतून निघून जाते आणि बिल तेवढं उरतं. हा नवा भाग खुशाल स्लॅबचा करा. छपरावर सौर पॅनेल, टाकी, काय हवं ते ठेवा. भावाला हवं ते त्याला मिळतं, तुम्हाला हवं ते तुम्हाला.

हा नवा भाग जुन्याला चिकटवू मात्र नका. नवा पाया पहिली काही वर्षं थोडाफार बसतो, जुना बसायचा तेवढा बसून गेलेला आहे. दोन्ही एकमेकांत गुंतवले की सांध्याला तडा जातो आणि पाणी नेमकं तिथून शिरतं. मध्ये तीन-चार फुटांची पडवी ठेवा. तिच्या छपराची वरची कड जुन्या पागोळ्यांच्या खाली सरकवा आणि उतार घरापासून लांब द्या, म्हणजे जुन्या छपराचं पाणी नव्यावर पडून पुढं निघून जाईल. दोन छपरांच्या मध्ये पन्हळ करायचा मोह टाळा. पानगळ झाली की ती तुंबते, आणि तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. नव्या भागाचं जोतं जुन्याच्याच उंचीला घ्या, आईच्या खोलीपासून संडासापर्यंत एकही पायरी आणि शक्यतो उंबरठाही नको. आत धरायला दांडे, न घसरणारी फरशी, आणि दार बाहेर उघडणारं, म्हणजे कुणी आत पडलं तर दार अडत नाही.

हे एक काम बाकी कशासाठीही थांबवू नका. तुमचा आणि भावाचा वाद वर्षभर चालला तरी चालेल, आईनं रात्री चार पायऱ्या उतरणं चालणार नाही. बांधकाम होईपर्यंत तिच्या खाटेशेजारी कमोडची खुर्ची ठेवा. ती नको म्हणेल. तिला विचारण्यापेक्षा आणून ठेवा. बाकी सगळं मात्र तिला विचारून करा. तुमच्या एवढ्या लांब पत्रात तिला काय हवंय याबद्दल एक शब्द नाही.

शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक विहिरीपासून निदान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी लांबवर झिरपतं. वाळवीसाठी जमिनीत औषध घालणाऱ्यांनाही विहीर आधी दाखवा, आणि औषधाचं नाव लिहून घ्या.

आता जुन्या घराची तपासणी. सध्या पाऊस चालू आहे हे उत्तमच. चार दिवसांची रजा काढा आणि भर पावसात जा. रात्री टॉर्च घेऊन माळ्यावर चढा, जिथं वासा ओला दिसेल तिथं खडूनं खूण करा. उन्हाळ्यात गेलेल्या इंजिनिअरला या खुणा शोधूनही सापडत नाहीत. मग प्रत्येक खांबाचा पाय बघा. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं ठोका: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगल्या लाकडात ते जेमतेम रुततं, कुजलेल्यात सहज आत जातं. भुंग्याची भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तरी घाबरून जाऊ नका. भुगा झाडून टाका, खाली कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी आईला बघायला सांगा. कागद कोरा असेल तर कीड बहुधा केव्हाच गेलेली आहे. वाळवीच्या मातीच्या नळीचं तसंच, मधला तुकडा मोडून ठेवा. चार दिवसांत नळी पुन्हा जुळली तर वाळवी जिवंत आहे. ही तपासणी अशा कुठल्याही घराला लागू पडते, आणि तिला पैसे लागत नाहीत.

खांबाचा पाय कुजला म्हणून खांब गेला असं नाही. तुळईला टेकू देऊन कुजलेला भाग कापतात आणि जुन्या, सुकलेल्या लाकडाचा नवा तुकडा खाच पाडून जोडतात. एका वेळी एकच खांब. हे काम कुणाचं, तर ज्या सुताराच्या हाताला अशी जोडणी ठाऊक आहे त्याचं. गावात असा एखादा म्हातारा सुतार असतोच, मुलांनी फर्निचरचा धंदा धरला म्हणून तो नुसता बसून असतो. त्याला सन्मानानं बोलवा. सोबत लाकडी बांधकाम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या आणि त्याचं म्हणणं लेखी मागा. लाकडाला ऑइलपेंट नको. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजा, ते लाकडात मुरतं, पण पावसात धुऊन जातं. बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल पूर्वापार लावतात, लावणाऱ्याला हातमोजे घालायला सांगा, कातडीवर फोड येतात.

छपराचा त्रास कमी करायचा असेल तर वाशांवर पातळ पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं अशी रचना करून घ्या. माकडानं कौल फोडलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जातं, आणि भावाला भर पावसात धावावं लागत नाही. पत्रा आणि कौलं यांच्यात हवा खेळायला जागा हवी, ती वाचवू नका. जुनी वायरिंग पूर्ण काढून पाइपातून नवी घाला, अर्थिंग करा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. लाकडी घरात यात काटकसर नको.

आणखी एक बघा: अंगणाची पातळी. दरवर्षी माती टाकून, खळं करून, कधी पेव्हर ब्लॉक बसवून अंगण वर येत जातं आणि जोतं बुडत जातं. एका बाजूनं तसं झालं असेल तर आधी माती काढा आणि चर खणा. गिलाव्याआधी, रंगाआधी, सगळ्याआधी.

कागदपत्रांचं थोडं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. वडिलांचं मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ आणि तुम्ही तिघंही वारस आहात. वडिलोपार्जित मालमत्तेतही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. म्हणजे तुमच्या संमतीशिवाय भावानं पाडणं जसं योग्य नाही, तसं त्याच्या संमतीशिवाय तुम्ही खर्च करणंही शहाणपणाचं नाही. कोण किती घालणार, नव्या भागात कोण राहणार, दरवर्षीच्या डागडुजीचा वाटा काय, हे लिहून तिघांच्या सह्या घ्या. वाढीव बांधकामाला परवानगी लागते, आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत किंवा खाडीकाठी असाल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम वेगळे, तेव्हा ग्रामपंचायतीत आधी विचारा. परसातला फणस किंवा साग तोडून लाकूड काढायचा विचार असेल तर थांबा: १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ सगळे आहेत. झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते. आणि ताजं तोडलेलं लाकूड आधी सुकवावं लागतं, ते लगेच वापरता येतही नाही.

सगळं एका उन्हाळ्यात उरकायला जाऊ नका. दिवाळीनंतर छप्पर, चर आणि बाथरूम एवढंच धरा आणि मिरगाआधी संपवा. मग एक पावसाळा तिथं राहून बघा. स्वयंपाकघर, फरशी, खिडक्या पुढच्या वर्षी. त्या एका पावसाळ्यात तुमच्या यादीतली तीन-चार कलमं आपोआप गळून पडतील, आणि तिच्यात नसलेली एक-दोन नवी येतील.

तुम्ही भावनेच्या आहारी गेलात का? थोड्या गेलात, आणि त्यात बिघडलं काही नाही. भावाला आज फोन करा, पण घराचा विषय काढू नका. यंदा किती कौलं फुटली आणि शाकारणीला किती खर्च आला ते विचारा, आणि निम्मे पैसे पाठवून द्या. मागच्या वर्षांचेही.